अनामत : मेरिटच्या गप्पा आणि आपण बडोदेकर

जून महिना लागला की आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत एकच विषय. नीटचे मार्क, कट-ऑफ, कोणाच्या नातवाला कुठे मिळालं, कोणाच्या नातीचं थोडक्यात हुकलं. मग कोणीतरी चहाचा कप खाली ठेवत म्हणतं, "आपल्या मुलांना या देशात जागाच राहिली नाही." बाकीचे माना डोलावतात. मी सत्तरी ओलांडलेला, बँकेतून निवृत्त झालेला, फतेगंजात राहणारा माणूस. राजकारणात कधी पडलो नाही. पण आयुष्य लोकांचे हिशेब तपासण्यात गेलं, त्यामुळे एकाच बाजूच्या नोंदी असलेलं खातं समोर आलं की गप्प बसवत नाही. म्हणून हे लिहितोय. लांबलंय, सवडीने वाचा.

आधी शब्द. महाराष्ट्रात ज्याला आरक्षण म्हणतात त्याला इथे गुजरातीत 'अनामत' म्हणतात. आपण घरात मराठी नि बाजारात गुजराती बोलणारी माणसं, आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. पण २०१५ साली पटेलांचं आंदोलन पेटलं होतं तेव्हा माझा पुण्याचा मावसभाऊ इथे आला होता. टीव्हीवर सारखं 'पाटीदार अनामत, पाटीदार अनामत' ऐकून त्याने विचारलं, "काय रे, हे पटेल लोक डिपॉझिट कसलं परत मागतायत?" आम्ही पोट धरून हसलो. पण बँकवाल्याच्या डोक्यात ते राहिलं. मराठीत अनामत म्हणजे दुसऱ्याची रक्कम, आपल्याकडे ठेवलेली. ताळेबंदात ती देण्याच्या बाजूला लिहितात.

आता आपल्या गावातलीच गोष्ट घ्या. २०२४ साली एम. एस. युनिव्हर्सिटीच्या कॉमर्स फॅकल्टीत पहिल्या वर्षाच्या प्रवेशांवरून केवढा गदारोळ झाला! प्रवेश राज्याच्या सामायिक पोर्टलवरून सुरू झाले आणि गावातली मुलं बाहेर राहू लागली. विद्यार्थी रस्त्यावर आले, पालक आले. आपल्यापैकी कितीतरी जणांनी पोस्टी टाकल्या, मीही टाकली. मागणी एकच, युनिव्हर्सिटी बडोद्याची आहे, आधी बडोद्याच्या मुलांना घ्या. मी याच फॅकल्टीचा, १९७१ चा बी.कॉम. ती मागणी मला तेव्हा योग्य वाटली, आजही वाटते. मुलीला परगावी होस्टेलवर ठेवायची ज्या घराची ऐपत नाही, त्या घराला स्कूटीच्या अंतरावरचं कॉलेज हेच एक कॉलेज असतं.

पण मंडळी, याला म्हणायचं काय? गोध्र्याच्या मुलाला चार मार्क जास्त असले तरी मांजलपूरच्या मुलाला आधी घ्या, ही अनामतच झाली की! तेव्हा कोणी मेरिटचा म सुद्धा काढला नाही. घर कुठे आहे यावरून जागा मागितली, कारणं दिली, आणि कारणं खरीही होती. म्हणजे तत्त्व आपल्याला मान्य आहे. भांडण आहे ते कोणासाठी, एवढ्यापुरतं.

जरा मागे जाऊ. ज्यांच्या नावाशिवाय आपल्या गावात कुठलंही भाषण पुरं होत नाही, ते सयाजीराव महाराज. १८७५ साली मल्हाररावांना इंग्रजांनी गादीवरून काढलं, जमनाबाई राणीसाहेबांना दत्तक घ्यायचा होता. नाशिककडच्या कवळाण्याहून गायकवाडांच्या भाऊबंदांतली मुलं आणली. त्यातले गोपाळराव, वय बारा, शेतकऱ्याचा मुलगा, लिहिणं-वाचणं जवळजवळ नाही. निवड झाली ती घराण्यावरून. मग त्या मुलासाठी काय केलं बघा. इलियटसाहेबांसारखा शिक्षक, दिवाण सर टी. माधवरावांची राज्यकारभारावरची व्याख्यानं, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, व्यायाम, आणि सहा वर्षं वेळ. १८८१ च्या डिसेंबरात कारभार हाती आला. पुढचं आपण सगळे पाठ म्हणतो. सबंध राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९०६, बँक ऑफ बडोदा १९०८, गावोगाव वाचनालयं. बाराव्या वर्षी त्या मुलाची प्रवेश परीक्षा घेतली असती तर यातलं काय झालं असतं?

महाराजांना स्वतःला हे कळलं असणार, असं मला नेहमी वाटतं. कारण राज्य हाती आल्यावर लगेचच, १८८० च्या दशकात, त्यांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या. शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर येईनात, म्हणून मुसलमान मास्तर नेमले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, ते सगळ्यांना माहीत असतं. आपल्या बडोद्याच्या या शाळा मात्र आपल्याच लोकांना माहीत नसतात.

आणि आपण? आपण इथे कसे आलो? माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून पहिल्या महायुद्धाच्या आधी आले. त्यांच्या आत्याचे यजमान आधीच सरकारी खात्यात होते. त्यांनी शब्द टाकला, आजोबांनी मोडीतला एक कागद वाचून दाखवला, अक्षर बरं होतं, चिकटले. हा आमच्या घरचा अधिकृत इतिहास. आजोबा हुशार नव्हते असं नाही, त्यांनी चाकरी प्रामाणिकपणे केली. पण त्याच वेळी या गावात हुशार गुजराती मुलं नव्हती का? होती. गादी मराठ्यांची होती म्हणून आपल्या भाषेला, आपल्या ओळखीला, आपल्या आडनावाला वजन होतं. शेजारचे गुजराती लोक आपल्याला 'दक्षिणी' म्हणायचे आणि शांतपणे बघायचे. आपल्यातल्या बऱ्याच घरांत पहिली नोकरी, त्यातून दुसऱ्या पिढीचं शिक्षण, तिसऱ्या पिढीची बँक नाहीतर प्राध्यापकी, असाच जिना आहे. पहिली पायरी कोणी बांधली ते विसरून चौथ्या पिढीला 'स्वतःच्या हिमतीवर' म्हणायची सवय लागली आहे.

ज्यांना शब्द टाकणारं कोणी नव्हतं त्यांचं काय होत होतं, तेही याच गावात बघायला मिळतं. माझ्या घरून कमाटीबाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपण सगळे तिथे फेरी मारायला जातो. डॉ. आंबेडकर महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेले. अट अशी की शिकून परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची. १९१७ च्या सप्टेंबरात ते आले. अमेरिकेतली पदवी, राज्याची नेमणूक, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम. सगळं होतं, राहायला खोली नव्हती. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी जिन्यावरून वर आले आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणाले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्रीची. मधले तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आज तिथे संकल्पभूमी आहे, दर सप्टेंबरात लांबलांबून लोक येतात. आपली मंडळी त्या दिवशी फेरीची वाट बदलतात, गर्दी असते म्हणून.

'एकदा शिकवलं, नोकरी दिली, आता आणखी काय हवं' असं म्हणणाऱ्यांना मी ही खोलीची गोष्ट सांगतो. महाराजांनी पैसा दिला, पद दिलं. गावाने खोली दिली नाही.

आता माझ्या बँकेतलं सांगतो. अनामतीवर बोलणाऱ्या शंभरातल्या नव्वदांनी रोस्टरचं रजिस्टर कधी पाहिलेलं नसतं. मी पाहिलंय. माझ्या उमेदीच्या काळात अखिल भारतीय अधिकारी भरतीला चाळीस बिंदूंचं रोस्टर असे. त्यात ६ बिंदू अनुसूचित जातींचे, ३ जमातींचे. उरलेले ३१ सर्वांसाठी खुले. इतर मागासांचे २७ टक्के केंद्रात आले ते १९९३ नंतर. म्हणजे ज्या काळात आमच्या कँटीनमध्ये 'सगळ्या जागा तेच घेऊन जातात' अशी चर्चा रंगायची, त्या काळात चाळिसातल्या ३१ जागांना कोणी हात लावलेला नव्हता. आणि त्या ९ सुद्धा भरत नसत. 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असा शेरा मारून जागा पुढे ढकलायची. लेखी परीक्षेत वर असलेली मुलं मुलाखतीत खाली का येतात, हे कोणी विचारत नसे. मुलाखतीत पहिला प्रश्न असायचा, वडील काय करतात? क्लार्कच्या भरतीतली मुलाखत २०१६ साली बंद झाली, फार उशिरा का होईना, ते बरं झालं.

ऐंशीच्या दशकात मी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ग्रामीण शाखेत मॅनेजर होतो. छोटा उदेपूर तेव्हा बडोदे जिल्ह्यातच होतं. माझ्याकडे एक राठवा मुलगा शेती अधिकारी म्हणून आला. जमातीच्या जागेवर निवडलेला. हेड कॅशियर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, आ तो अनामतवाळो छे, ध्यान राखजो." मुलाचं इंग्रजी खरोखर कच्चं होतं. रिजनल ऑफिसला पाठवायची पत्रं मी दोनदा दुरुस्त करून पाठवायचो.

तेव्हा आय.आर.डी.पी.ची कर्जं जोरात होती. म्हशीसाठी कर्ज, त्यात सबसिडी, म्हशीचा विमा, कानात बिल्ला. ज्यांनी त्या काळात ग्रामीण शाखा काढल्यात त्यांना ठाऊक आहे, एकच म्हैस तीन घरांच्या अंगणात उभी राहायची. आधीच्या शहरी अधिकाऱ्याने, चांगला फर्स्ट क्लासवाला होता, सगळ्या म्हशी नीट तपासून, सही करून पास केल्या होत्या. हा मुलगा गावात गेला की आधी बायकांशी राठवी बोलीत बोलायचा. चारा कोण आणतं, दूध किती, शेण कुठे टाकता. ज्या अंगणात म्हैस आहे आणि शेणाचा ढीग नाही, ती म्हैस उसनी! हे त्याचं ऑडिट. दोन वर्षांत आमच्या शाखेची वसुली सुधारली, दलाल मंडळी माझ्याकडे तक्रार घेऊन आली, त्यावरून मला त्याच्या कामाची खात्री पटली. त्याचं इंग्रजी चार वर्षांत सुधारलं. फर्स्ट क्लासवाल्याला शेणाचा ढीग मात्र शेवटपर्यंत दिसला नसता. हे सगळे अनामतवाले असेच निघतात असं मी म्हणत नाही. कामचुकारही भेटले, आणि खुल्या जागेवरून आलेले कामचुकार त्यापेक्षा जास्त भेटले, कारण ते संख्येनेच जास्त होते. त्यांच्या आळसाला मात्र कोणी त्यांची जात चिकटवली नाही.

१९८१ ची आणि १९८५ ची आंदोलनं आपल्यातल्या साठी ओलांडलेल्यांना आठवत असतील. १९८१ ला वाद होता वैद्यकीय पदव्युत्तरच्या मोजक्या राखीव जागांचा. १९८५ ला माधवसिंह सोळंकींनी मागासांचा वाटा १० टक्क्यांवरून २८ वर नेला आणि गुजरात पेटलं. गंमत म्हणजे राणे आयोगाने शिफारस केली होती की जात न बघता धंदा आणि उत्पन्न बघा. सरकारने टक्केवारी तेवढी उचलली, निकष सोडून दिला. आंदोलन मेरिटच्या नावाने सुरू झालं आणि अहमदाबादेत हिंदू-मुसलमान दंगलीत जाऊन पोचलं. कर्फ्यूत दूध मिळवायला आपण कशा धडपडी केल्या, त्यावर इथे पुष्कळांनी लिहिलंय. माझं लक्ष दुसरीकडे जातं. त्यानंतर तीस वर्षांनी त्याच गुजरातमधले पटेल अनामत मागायला रस्त्यावर आले.

मेरिटवरून आठवलं, शैक्षणिक कर्जं. २००१ पासून ती योजना नीट सुरू झाली, मी निवृत्तीपर्यंत शेकडो मंजूर केली. चार लाखांपर्यंत तारण नाही. चार ते साडेसात लाखांना बाहेरचा जामीनदार. त्यावर घर नाहीतर जमीन गहाण. मुलाचे मार्क मी अर्जात एका ओळीत लिहायचो, बापाच्या मालमत्तेचे कागद मात्र वकिलाकडून तपासून घ्यायचो. खाजगी मेडिकलला मॅनेजमेंट कोटा, एन.आर.आय. कोटा. तिथे सरकारी कॉलेजच्या कट-ऑफच्या कितीतरी खालची मुलं जातात, डॉक्टर होतात, आपण त्यांच्याकडे औषध घेतो. त्या मुलांच्या पेढ्यांच्या वेळी 'अशा डॉक्टरच्या हाती ऑपरेशन कसं द्यायचं' असा प्रश्न मी एकदाही ऐकलेला नाही. हा प्रश्न फक्त एकाच प्रकारच्या कोट्याला विचारला जातो.

आता ज्यांना राग येतोय त्यांचंही ऐकतो. माझ्या पुतण्याच्या मुलीला यंदा सरकारी कॉलेज मिळालं नाही. पोरगी पहाटे चारला उठायची, मी पाहिलंय. तिला 'तुझे पणजोबा वशिल्याने लागले होते' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. तिचा त्यात काय दोष? तिच्या रागाला उत्तर आहे ते जास्त सरकारी कॉलेजं, कमी फी. देशात सरकारी मेडिकलच्या जागा अर्ज करणाऱ्यांच्या मानाने मूठभर आहेत. राखीव जागा उद्या काढून टाकल्या तरी रडणारी मुलं लाखांनीच राहतील.

काही गोष्टी मला खटकतातच. इतर मागासांच्या क्रीमी लेयरची मर्यादा २०१७ पासून आठ लाखांवर आहे. २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांना दहा टक्के दिले, तिथेही आठ लाखच. म्हणजे महिना साठ-पासष्ट हजारांच्या घरात कमावणारा दुर्बल, आणि तोच माणूस आयकराचं रिटर्न भरतो! शिवाय त्या दहा टक्क्यांतून दलित, आदिवासी, मागास यांतल्या गरिबांना वगळलंय. सुप्रीम कोर्टात २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा निकालाने ते टिकलं. मला ते दोन न्यायाधीश पटले. १ ऑगस्ट २०२४ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करायला परवानगी दिली, तेही मला पटलं. ज्या घरात दोन पिढ्या वरिष्ठ अधिकारी झाल्या त्या घराने तिसऱ्या पिढीला जागा सोडावी का? पगाराच्या बाबतीत सोडावी असं वाटतं. पण भाड्याचं घर बघताना आजही आडनाव विचारतात, आणि तिथे माझं मत डळमळतं.

आणखी एक. आपण 'आपली मराठी मुलं' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कोण असतं? याच बडोद्यात रेल्वेत, गिरण्यांत, नगरपालिकेत कामाला आलेली मराठी बोलणारी दलित कुटुंबंही आहेत. तीही आपल्याइतकीच मराठी. त्यातल्या ज्यांचे वाडवडील १९५० नंतर इथे आले, त्यांच्या मुलांना महाराष्ट्रात जो दाखला चालतो तो गुजरातच्या राज्याच्या जागांसाठी चालत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच तसं ठरवलंय. त्यांना तिकडचंही नाही, इकडचंही नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीला आपण त्यांच्या दारी जातो. मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांचं एक तरी नाव आहे का, यादी काढून बघा.

ज्या नोकऱ्यांवरून एवढी भांडणं, त्या आहेत तरी किती? मी लागलो तेव्हा शाखेत दोन शिपाई, एक दफ्तरी, एक झाडूवाला, सगळे बँकेच्या पटावर. पेन्शन, फंड, मुलांना शिक्षणासाठी कर्ज. आमच्या एका शिपायाचा मुलगा पुढे दुसऱ्या बँकेत अधिकारी झाला. गेल्या महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी शाखेत गेलो होतो. झाडणारी बाई कंत्राटदाराची, पाणी देणारा कंत्राटदाराचा, दारावरचा गार्ड कंत्राटदाराचा. कंत्राटदाराला रोस्टर नसतं. त्या बाईला विचारलं, किती मिळतात? तिने इकडेतिकडे बघितलं आणि आकडा सांगितला नाही.

असो. ज्यांना पटत नसेल त्यांनी खाली जरूर लिहावं, मी उत्तर देईन. फक्त एक विनंती. लिहिताना आपल्या घरातला पहिला माणूस बडोद्यात कोणत्या साली आला, कोणाच्या ओळखीने आला, आणि पहिली नोकरी त्याला कोणी लावली, तेही लिहा. घरात जुने कागद असतील तर फोटो टाका. आमच्या आजोबांचा नेमणुकीचा कागद वाळवीने अर्धा खाल्लाय, पण शिफारस करणाऱ्याची सही शाबूत आहे, तो मी उद्या टाकतो.